हिरवा ठिपका

वहीबाईंना शाळेत घेतलं होतं ते हस्तकला शिकवायला. कागद, पुठ्ठा, डिंक, सुईदोरा, एवढंच त्यांचं राज्य आणि त्यात त्या खूश होत्या. पण सात वर्षांपूर्वी मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, कुठलंसं शिबिर करून आले. पोरांनी नुसतं नाचून, खेळून, पोहून भागणार नाही, आपण काय शिकतोय याचा त्यांनी विचार केला पाहिजे आणि तो लिहून काढला पाहिजे, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. झालं! प्रत्येक पोराच्या हातात एक निळी वही आली. सत्राच्या सुरुवातीला त्यात आपलं ध्येय लिहायचं आणि मग दर दुसऱ्या शनिवारी तीन प्रश्नांची उत्तरं. काय ठरवलं होतं? कुठवर आलो? आता पुढे काय?

वह्या तपासायच्या कुणी? गणिताच्या, भाषेच्या शिक्षकांनी पोर्शनचं कारण सांगून हात वर केले. उरल्या हस्तकलेच्या बाई. मऊ लागलं की कोपरानं खणायचं, ही जगाची रीतच आहे. दोनशे चाळीस वह्या त्यांच्या टेबलावर येऊन पडल्या आणि पोरांनी महिन्याभरात त्यांचं बारसं करून टाकलं, वहीबाई. पुढे शिक्षकही तेच म्हणू लागले. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या यादीत उरलं.

वह्यांचं एक वेळ जमलं असतं, पण जिन्यासमोर एक तक्ता होता. भिंतभर. दोनशे चाळीस नावं आणि प्रत्येक नावापुढे चौकोन. वही वाचून वहीबाईंनी त्या चौकोनात ठिपका चिकटवायचा. लाल म्हणजे अजून सुरुवात नाही, पिवळा म्हणजे वाटेवर, हिरवा म्हणजे ध्येय गाठलं. कुणी पाहुणा आला की मोठे सर त्याला आधी तक्त्यापुढे उभं करायचे आणि मग चहा द्यायचे. सत्राच्या सुरुवातीला लाल ठिपके त्यांना चालायचे. सत्र संपत आल्यावर मात्र लाल दिसला की त्यांचं तोंड उतरायचं, आणि पांढरा चौकोन, म्हणजे पोरानं वही लिहिलीच नाही, असं दिसलं तर विचारूच नका.

"बाई, ही भिंत म्हणजे शाळेचा चेहरा आहे," ते म्हणायचे. "चेहऱ्यावर कोड दिसतंय."

आता दोनशे चाळीस पोरं म्हटल्यावर दहाबारा तरी वही न लिहिणारी निघणारच. कुणी आजारी, कुणी कंटाळलेलं, कुणी मुलखाचं आळशी. पहिल्या वर्षी वहीबाई त्यांच्या मागे धावल्या. दुसऱ्या वर्षी दमल्या. तिसऱ्या वर्षी शिक्षण खात्याच्या तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या हस्तकलेच्या खोलीत बसल्या, एका पोराची वही उघडली, त्याचं अक्षर नीट पाहिलं आणि त्याच्या जागी स्वतःच लिहून टाकलं. हात त्यांचा मूळचाच वळणदार. तिरकं, गिचमिड, फुगीर, जसं हवं तसं अक्षर त्यांना काढता यायचं. कुणाचं नुकसान होतंय? कुणाचंच नाही. कागदी घोडे नाचवायचे तर नीट नाचवू, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि पुढे दर सत्रात तेच करत राहिल्या.

या सत्रात अशा अकरा वह्या होत्या. त्यातली एक ठमीची.

ठमी दहा वर्षांची. ठमी हे तिच्या आईनं ठेवलेलं नाव. शाळेत पोरं तिला पाल म्हणायची, कारण पोहण्याच्या टँकमध्ये उतरली की ती भिंत सोडायचीच नाही. तिला खरं म्हणजे पोहायचंच नव्हतं. तिनं मातीकाम मागितलं होतं, पण तिथे जागा भरल्या होत्या आणि टँकच्या यादीत एक जागा रिकामी होती. तिच्या वहीत पहिल्या शनिवारी लिहिलेलं होतं, "मी पोहायला शिकायचं ठरवलं नव्हतं. मला पाण्याची भीती वाटते. मी भिंत धरून असते. पुढे काय ते मला माहीत नाही."

वहीबाईंनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, "सकारात्मक लिहावे."

दुसऱ्या वेळी ठमीनं लिहिलं, "अजून वाटते. सर ओरडले की जास्त वाटते." वहीबाईंनी लिहिलं, "पुन्हा लिहावे." पोरगी वही घेऊन त्यांच्या टेबलाशी आलीसुद्धा होती. "बाई, पुन्हा काय लिहू? तेच आहे." वहीबाई तेव्हा पुठ्ठा कापत होत्या. त्या म्हणाल्या, "तेच तेच लिहायचं नसतं गं. काहीतरी चांगलं शोध." ठमी वही उचलून गेली. त्यानंतर तिनं वहीत काही लिहिलं नाही. तीन शनिवार कोरे गेले.

तपासणीच्या आदल्या दिवशी वहीबाईंनी तिची वही सगळ्यात शेवटी घेतली. तीन कोरी पानं एकदम भरायची, तर त्यात चढ दिसायला हवा. एका पानावर भीती आणि दुसऱ्यावर हिरवा ठिपका, असं कसं चालेल? म्हणून पहिल्या पानावर त्यांनी ठमीच्या बुटक्या, दाबून काढलेल्या अक्षरात लिहिलं की भीती थोडी कमी झाली. दुसऱ्यावर लिहिलं की आज मी एक हात सोडला. आणि तिसऱ्यावर, "आता माझी पाण्याची भीती गेली. मी भिंत सोडली." राहिला तिसरा प्रश्न, आता पुढे काय? पेन ओठाशी धरून त्या क्षणभर थांबल्या. भीती गेलेली पोरगी पुढे काय म्हणेल? त्यांनी लिहिलं, "आता मला खोल बाजूला जायचं आहे."

खोटं कशाला बोला, वाचून त्यांना बरं वाटलं. तीन पानांत पोरगी कुठल्या कुठे गेली! त्यांना तिचा अभिमानसुद्धा वाटला. पर्समधून किल्ली काढता काढता त्यांनी तक्त्यावर हिरवा ठिपका चिकटवला आणि घरी गेल्या.

तपासणी झकास झाली.

पोहण्याचे सर एकटे. चाळीस पोरं, एक शिट्टी. कोण कुठवर आलंय हे एकेकाला पाण्यात घालून बघायला त्यांना सवड कुठली? ते सोमवारी तक्त्यासमोर उभे राहायचे आणि हिरव्या ठिपक्यांची नावं कागदावर उतरवून घ्यायचे. ज्याचा ठिपका हिरवा, तो दोरीपलीकडे, खोल बाजूला. तक्ता शाळेचा, वही पोरांची, तपासणी बाईंची, मग शंका कशाला घ्यायची? बुधवारी त्यांनी नऊ नावं वाचली. नऊ पोरं काठावर उभी राहिली. शिट्टी झाली आणि सगळ्यांनी उड्या मारल्या. उथळ बाजूला दोन पोरांची मारामारी चालली होती म्हणून सर तिकडे वळले. परत वळून त्यांनी डोकी मोजली तर आठ होती.

ठमीला वर काढलं तेव्हा फार उशीर झाला होता.

वहीबाईंना हे कळलं ते हस्तकलेच्या तासाला. शिपाई दारात आला, म्हणाला, टँकमध्ये पाचवीतली पोरगी गेली. कोण, असं त्यांनी विचारलं आणि नाव ऐकल्यावर हातातली कात्री खाली ठेवली. कात्री खाली ठेवल्याचं त्यांना नंतर नीट आठवत होतं. पुढचं काही आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वरून चौकशी समिती आली. तीन माणसं, तिघांच्या हातात फायली. ऑफिसात टेबलाच्या मधोमध ती निळी वही ठेवलेली होती. एकानं विचारलं, "ही वही तुम्ही तपासलीत?"

"हो," वहीबाई म्हणाल्या.

"अक्षर मुलीचंच ना?"

समोर मोठे सर बसले होते. त्यांचा घाम वहीबाईंना दिसत होता. स्वतःचा कळत नव्हता. पस्तीस वर्षांच्या नोकरीतली तीन वर्षं राहिली होती. खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना नोकरीही आठवली नाही. आठवलं ते एवढंच, की इथे "नाही" म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल. आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या जिभेवर येणंच शक्य नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

समितीनं लिहिलं की विद्यार्थिनी स्वेच्छेने खोल भागात गेली, तिची पूर्वतयारी तिच्याच नोंदींवरून दिसून येते, सबब कोणाचाही हलगर्जीपणा आढळत नाही. स्वेच्छेने! मेलेल्या लेकराच्या माथी मारायला यांना शब्द बरा सापडला. मोठ्या सरांनी सुटकेचा श्वास टाकला. सगळे सुटले, एक ठमी सोडून.

त्याच दिवशी पोहण्याचे सर हस्तकलेच्या खोलीत आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. ते खुर्चीवर बसले नाहीत, पोरांच्या बाकावर बसले.

"बाई, एक विचारू? समितीला मी हे सांगितलं नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "नाव वाचलं तेव्हा ती म्हणाली, सर, मी नाही लिहिलं ते. मी म्हटलं, तू नाही तर काय भुतानं लिहिलं? पोरं हसली. मग ती काही बोलली नाही, रांगेत उभी राहिली." त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "रोज चार पोरं काही ना काही सबब सांगतात हो. तिनंच लिहिलं होतं ना? तेवढं मला सांगा."

वहीबाईंनी मान हलवली. हो म्हणून. सर उठून गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण वहीबाईंच्या मनात चांदणंबिंदणं काही नव्हतं, नुसता काळोख होता, आणि त्या काळोखात एक पोरगी खालच्या आवाजात म्हणत होती, मी नाही लिहिलं ते.

त्यांचा नवरा घरीच खिडकीशी बसून दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याला त्यांनी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तो हातातली कवळी घासत राहिला, मग ती खाली ठेवली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "समितीनं फाइल मिटलीय ना? आता बोलून पोरगी परत येणार आहे का?"

"नाही."

"मग? तू जाशील, तो पोहण्याचा मास्तर जाईल, मोठा सरही जाईल. आणि तिच्या आईला काय मिळेल?"

"तिला खरं मिळेल," वहीबाई म्हणाल्या, पण त्या बोलण्यात जोर नव्हता. नवरा वाईट नव्हता. तो उठला, त्यानं चहा टाकला आणि कप त्यांच्या हातात दिला. चहा त्यांच्या हातातच गार झाला.

आणि मग ती आई आली.

ठमीची आई बसवर कंडक्टर होती. कामावरूनच आली होती ती, अंगात खाकी, खांद्यावर कातडी बॅगेच्या पट्ट्याचा वळ. नवरा नव्हता, मायलेकी दोघीच. वहीबाईंनी खुर्ची पुढे केली, ती बसली आणि लगेच मुद्द्यावर आली. दिवसभर गर्दीशी बोलणाऱ्या बाईला आडवळणं कशी जमावीत?

"बाई, मला ती वही दाखवली ऑफिसात. तुम्हीच बघायचात ना ह्या वह्या?"

"हो."

"तिनं लिहिलंय, माझी भीती गेली. हे खरं ना?"

वहीबाईंनी टेबलावरचा पुठ्ठा सरळ केला. आईला वाटलं, आपला प्रश्न त्यांना कळला नाही.

"मी का विचारते सांगते. त्या बुधवारी सकाळी ती म्हणाली, आई, पोटात दुखतंय, आज नको. माझी पहिली फेरी साडेसहाची. मी म्हटलं, नाटकं पुरे, चल. आणि पाठवली." तिनं दोन्ही हात मांडीवर दाबले. "तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. पोट दुखत होतं, की घाबरली होती? घाबरलेल्या लेकराला मी ढकललं का घराबाहेर? मग ऑफिसात ती वही वाचली. भीती गेली, खोल बाजूला जायचंय. म्हणजे पोटच दुखत असेल, हो ना? रात्री उसळ जास्त खाल्ली होती तिनं. पोटच असेल. त्या एका ओळीवर मी उभी आहे बघा, बाई. नाहीतर कधीच आडवी झाले असते."

आता सांगा, अशा बाईला कुणी काय सांगावं? वहीबाईंच्या तोंडून आवाज निघाला तो त्यांनाच ओळखू आला नाही.

"हो. तिनंच लिहिलं होतं. फार धीट झाली होती ती."

आई रडली नाही. तिनं वहीबाईंचा हात हातात घेतला, घट्ट दाबला आणि म्हणाली, "तुमचे उपकार झाले. तुम्ही तिची भीती घालवलीत." आणि ड्युटी होती म्हणून लगबगीनं निघून गेली. वहीबाई त्यानंतर नळाखाली हात धूत राहिल्या, तास संपेपर्यंत.

इथंच सगळं थांबलं असतं तर कदाचित त्या हे ओझं घेऊन कशातरी निवृत्त झाल्या असत्या. माणूस काय, कशालाही सरावतो. पण मोठ्या सरांना स्वस्थ बसवेल तर ना! दुर्घटनेनंतर टँक तीन आठवडे बंद होता. तो सुरू करायच्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना मैदानात जमवलं आणि भाषण केलं. आपली एक मैत्रीण आपल्यात नाही, पण तिचे शब्द आहेत, असं म्हणून त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचलं, "आता माझी पाण्याची भीती गेली. मी भिंत सोडली." पोरांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती ओळ मोठ्या अक्षरांत रंगवून टँकच्या दारावर लावली. रंगवली कुणी? हस्तकलेच्या वर्गानं. वहीबाईंनीच पट्टीनं रेघा मारून दिल्या.

त्या शनिवारी टँकच्या एकोणचाळीस वह्या आल्या. वहीबाईंनी पहिली उघडली. "माझी पाण्याची भीती गेली." दुसरी उघडली. "मी भिंत सोडली. माझी भीती गेली." तिसरीतही तेच. अकराव्या वहीपर्यंत त्यांनी लाल पेन खाली ठेवलं होतं. ज्यांना कधीच भीती नव्हती त्यांनी लिहिलं होतं आणि ज्यांना होती त्यांनीही लिहिलं होतं, कारण चांगलं काय लिहायचं ते आता दारावरच रंगवलेलं होतं. चौथीतली एक बारकी पोर होती, जी पायरीवरून खाली उतरायची नाही. तिनंसुद्धा लिहिलं होतं, "आता मला खोल बाजूला जायचं आहे." अक्षर तिचंच होतं, खोडून खोडून काढलेलं.

वहीबाईंनी त्या पोरीला बोलावून घेतलं. "खरंच भीती गेली का गं?"

पोर पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असंच लिहायचं असतं ना, बाई?"

सोमवारी पोहण्याचे सर तक्त्यासमोर येणार होते. मोठे सर सकाळपासून दोनदा विचारून गेले होते, ठिपके लागले का म्हणून. त्यांना पाहुणे आणायचे होते, शाळा कशी पुन्हा उभी राहिली ते दाखवायला. वहीबाई मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ठमीची तीन पानं, बाकीच्या दहा वह्या, मागच्या पाच वर्षांच्या वह्या. मोठे सर आधी पांढरे पडले आणि मग लाल झाले.

"बाई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही हे मला सांगितलंच नाहीत आणि मी ऐकलंच नाही. अळीमिळी गुपचिळी. आणि तिच्या आईचा तरी विचार करा. काय वाटेल तिला?"

तिच्या आईचा विचार! वहीबाई महिनाभर दुसरं काय करत होत्या? पण या माणसाच्या तोंडून ते ऐकलं आणि त्यांना एकदम कळलं की आपणही हेच कारण पुढे करत आलो आहोत. आईला वाचवायचं नाव करून आपण कुणाला वाचवत होतो? त्या बाहेर पडल्या, तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ बसच्या डेपोत गेल्या.

दुपारची वेळ. गाड्या ओळीनं उभ्या होत्या, ड्रायव्हर मंडळी चहाच्या टपरीवर. ठमीची आई रिकाम्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून डबा उघडत होती. वहीबाईंना बघून तिनं लगेच जागा करून दिली.

"या ना, बाई. इकडे कुठे?"

वहीबाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर त्यांच्यानं बोलवलं नसतं.

"ती ओळ मी लिहिली," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"सगळी. भीती थोडी कमी झाली इथपासून शेवटपर्यंत. तिनं काही लिहिलं नव्हतं. पानं कोरी होती आणि तपासणी होती, म्हणून मी लिहिलं."

"अक्षर तर तिचं होतं."

"मला जमतं तसं काढायला."

आईनं डब्याचं झाकण लावलं. "मग तिनं काय लिहिलं होतं?"

"भीती वाटते, असं. दोनदा. मीच तिला म्हटलं, चांगलं लिही. आणि मी तो ठिपका लावला म्हणून तिचं नाव खोलच्या यादीत गेलं. ती सरांना म्हणाली होती, मी नाही लिहिलं. कुणी ऐकलं नाही."

बाहेर कुणीतरी इंजिन सुरू करून बघत होतं. आई समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होती. वहीबाईंना वाटलं, ही आता उठून आपल्या थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरंच झालं असतं.

"म्हणजे पोट दुखत नव्हतं," ती म्हणाली.

वहीबाईंना रडू फुटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. आईनं त्यांना रडू दिलं, थांबवलंही नाही आणि जवळही घेतलं नाही.

"तुम्ही सांगून मोकळ्या झालात, बाई," मग ती म्हणाली. "मी आता कुणाला सांगू?"

वहीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी मोकळी व्हायला नाही आले. पोरांनी सगळ्यांनी तेच लिहिलंय, दारावरचं बघून. सोमवारी परत यादी निघेल. एक बारकी आहे, ती पायरीसुद्धा सोडत नाही. माझं एकटीचं ते ऐकणार नाहीत, मी वेडी ठरेन. तुम्ही आलात तर ऐकावंच लागेल. समितीपुढेही मी सगळं लिहून देते."

आईनं मान वर केली. दिवसाला हजार चेहरे बघणारी ती बाई, बिनतिकीटवाला कोण हे तिला नुसत्या नजरेवरून कळायचं. तिनं वहीबाईंच्या तोंडाकडे तसंच पाहिलं. मग उठली, कातडी बॅग खांद्यावरून उतरवली, टपरीवर जाऊन ड्रायव्हरच्या हातात दिली आणि म्हणाली, "डेपो मॅनेजरला सांग, माझ्या जागी दुसरं कुणी घाल म्हणावं. मला शाळेत जायचंय."

दोघी चालत निघाल्या. वीस मिनिटांचा रस्ता. शाळेच्या फाटकाशी आई थांबली. तिनं गजाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"एक गोष्ट समितीला सांगितली नाही मी. कुणालाच नाही सांगितली," ती म्हणाली. "त्या सकाळी तिनं दाराची चौकट धरली होती. दोन्ही हातांनी. मी एकेक बोट सोडवलं, बाई. गंमत केल्यासारखं, हसत हसत, एक, दोन, तीन म्हणत सोडवलं. तीही शेवटी हसली."

वहीबाईंनी फाटकाची कडी काढली.

"कुणाला तरी सांगायला हवं होतं," आई म्हणाली. "आणि ऐकायला माझ्याजवळ तुम्हीच आहात." मग तिनं फाटक ढकललं आणि दोघी आत गेल्या.